स्वच्छ फरशी आणि नवे पिल्लू : मांजर घरी आणण्यापूर्वीची तयारी

इंदूर शहराने २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिला क्रमांक मिळविला आणि २०२३पर्यंत सलग सात वर्षे ते स्थान राखले. २०२३च्या सर्वेक्षणात हा मान सुरतसमवेत विभागून मिळाला, एवढाच काय तो फरक. होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे वसलेल्या या शहरात स्वच्छता हा आता केवळ महापालिकेचा विषय राहिलेला नाही. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर यांसारख्या मराठी वस्त्यांतही सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू आले की ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे दाराशी येतात आणि मागोमाग घराची फरशी पुसली जाते. अशा घरात मांजराचे पिल्लू येणार असेल, तर तयारीला कोठून आरंभ करावा?

बहुतेक कुटुंबे दुकानापासून आरंभ करतात. मऊ गादी, रंगीत चेंडू, घुंगराचा पट्टा, वाडगे अशी खरेदी होते. ही खरेदी वाईट नव्हे. परंतु पिल्लाचे जगणे-मरणे तिच्यावर अवलंबून नसते. ते अवलंबून असते घरातल्या रोजच्या सवयींवर. पोछ्याच्या बादलीत काय मिसळले जाते, औषधाची गोळी कोठे ठेवली जाते, खिडकीला कोणती जाळी आहे, ताटात काय वाढले जाते, या प्रश्नांची उत्तरे पिल्लू दारात येण्यापूर्वी मिळालेली असावीत. माणसाला स्वच्छ आणि निर्धोक वाटणारे घर मांजरालाही तसेच असते, हा समज सर्वप्रथम बाजूला ठेवावा लागतो.

फिनेल आणि मांजराचे यकृत

भारतीय घरांत फरशी पुसण्याच्या पाण्यात फिनेल घालण्याची पद्धत जुनी आहे. काळ्या फिनेलमध्ये कोळशाच्या डांबरापासून मिळणारी फिनॉल वर्गातील द्रव्ये असतात. पांढऱ्या फिनेलमध्ये बहुधा पाइन तेल असते. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या शरीरात अशी द्रव्ये अल्प प्रमाणात गेली, तर यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देते आणि ती मूत्रावाटे बाहेर टाकली जातात. मांजराच्या यकृतात ही क्रिया घडवून आणणारे एक महत्त्वाचे विकर जवळजवळ निष्क्रिय असते. मांसाहारावर जगणाऱ्या या प्राण्याला वनस्पतींतील विषारी द्रव्ये पचवण्याची गरज फारशी पडली नाही आणि उत्क्रांतीच्या ओघात ती क्षमता लोप पावली, असे शास्त्रज्ञ मानतात. परिणामी कुत्र्याला विशेष न बाधणारी मात्राही मांजराच्या शरीरात साचत जाते.

पिल्लाने बाटलीतले फिनेल प्यावे लागत नाही. ते ओल्या फरशीवरून चालते, पंजे ओले होतात आणि काही वेळाने ते पंजे चाटून स्वच्छ करते. स्वतःला चाटून साफ ठेवणे हा मांजराचा स्वभावच आहे. तेव्हा त्याच्या बाबतीत फरशीवर जे आहे, ते पोटातही जाणार असे गृहीत धरले पाहिजे. अनेक सुवासिक फरशी-द्रावणांत असणारे बेन्झाल्कोनियम क्लोराइडही पंजांवाटे जिभेवर पोहोचल्यास तोंडात व्रण निर्माण करू शकते. लाळ गळणे, खाणे अचानक सोडणे, अंग थरथरणे, चाल डळमळणे ही चिन्हे दिसली, तर पंजे कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावेत आणि द्रावणाची बाटली सोबत घेऊन पशुवैद्यक गाठावा. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये.

याचा अर्थ स्वच्छता सोडावी असा मुळीच नाही. साधन तेवढे बदलावे. रोजच्या पुसण्यासाठी गरम पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरतो. नंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवावा आणि फरशी पूर्ण वाळल्यावरच पिल्लाला खोलीत सोडावे. जंतुनाशकाची खरोखर गरज पडलीच, तर पातळ केलेले ब्लीच वापरून फरशी पुन्हा धुवावी व वाळू द्यावी. ब्लीच कधीही संडास साफ करण्याच्या आम्लात मिसळू नये, कारण त्यातून निघणारा क्लोरीन वायू माणसालाही घातक असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरात फरशी पुसण्यासाठी ज्या मावशी येतात त्यांना हा बदल समजावून सांगावा आणि नवे साधन त्यांच्या हाती द्यावे. मालकाने ठरविले आणि पोछा मारणाऱ्या व्यक्तीला ठाऊकच नाही, असे झाल्यास सारी तयारी व्यर्थ जाते.

औषधाचा डबा आणि कुंड्या

यकृताचा हाच दुबळेपणा पॅरासिटामॉलच्या बाबतीत प्राणघातक ठरतो. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. एक किलो वजनाच्या पिल्लाच्या दृष्टीने पाहिले, तर ५०० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या गोळीचा हा केवळ पन्नासावा भाग होय. अशा विषबाधेत रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा व पंजे सुजतात. ‘पिल्लाचे अंग गरम लागते’ म्हणून मायेने दिलेला गोळीचा तुकडा अशा रीतीने जीव घेतो. मांजराचे शरीर मुळातच माणसापेक्षा गरम असते. त्याचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते, हेही ध्यानात ठेवावे. कपाटातील डांबराच्या गोळ्या, निलगिरीसारखी तीव्र तेले आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधे हीसुद्धा याच यादीत येतात. कुत्र्याचे औषध ‘थोडेसे’ मांजराला लावणे हा प्रकार कटाक्षाने टाळावा.

गॅलरीतील कुंड्यांवरही एकदा नजर फिरवावी. पुष्पगुच्छांत येणाऱ्या आशियाई व ओरिएंटल लिली आणि बागेतील डे लिली यांचे पान, फूल, एवढेच नव्हे तर अंगावर पडलेले परागकण चाटल्यानेही मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. कण्हेर हृदयावर, तर सायकस यकृतावर आघात करते. मनी प्लांटची पाने चावल्यास तोंडाची आग होते. ते जिवावर बेतत नसले, तरी उंच टांगलेले बरे.

एक खोली, एक पेटी, एक आडोसा

आईपासून पिल्लू किमान आठ आठवड्यांचे होईपर्यंत तोडू नये. दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान ते माणसांची आणि इतर मांजरांची सवय करून घेत असते. चावताना किती जोर लावावा, हे त्याला भावंडांसोबतच्या झोंबाझोंबीत उमगते. रस्त्याकडेला एकटे दिसलेले पिल्लू लगेच उचलू नये. आई बहुधा भक्ष्याच्या शोधात गेलेली असते. पिल्लू धडधाकट असेल व जागा सुरक्षित असेल, तर काही तास दुरून लक्ष ठेवणे श्रेयस्कर.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस त्याला संपूर्ण घर खुले करू नये. एक शांत खोली पुरेशी असते. तीत एका कोपऱ्यात अन्न-पाणी, दुसऱ्या टोकाला मलमूत्राची पेटी आणि लपण्यासाठी बाजूने दार कापलेला पुठ्ठ्याचा खोका एवढे असावे. खोक्यात जुनी सुती साडी किंवा गोधडी घालावी. आई-भावंडांच्या वासाचे एखादे फडके सोबत आणता आले, तर पहिली रात्र पुष्कळ सुसह्य होते. माळव्यातील हिवाळ्याच्या रात्री गारठ्याच्या असतात. अशा वेळी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूस ठेवावी, म्हणजे गरम वाटल्यास पिल्लाला दूर सरकता येते.

मलमूत्राची पेटी बुटक्या काठाची असावी, तीत चार-पाच सेंटिमीटर थर असावा आणि माल सुगंधी नसावा. माणसाला आवडणारा सुगंध मांजराला त्या जागेपासून दूर लोटतो. ओलाव्याने घट्ट गोळा होणारी माती पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत टाळलेली बरी, कारण लहान पिल्ले ती चाखून पाहतात. लाकूड किंवा कागदाच्या दाण्यांचा माल तेव्हा अधिक सुरक्षित. घरात जितकी मांजरे, त्याहून एक पेटी अधिक असावी. पिल्लाने दुसरीकडे घाण केली, तर त्याचे नाक त्यात घासण्याची शिक्षा निरुपयोगी ठरते. त्यातून ते फक्त माणसाला भिण्यास शिकते.

घरात आधीचे मांजर असेल, तर दोघांना किमान १० ते १४ दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवावे. एकाचे फडके दुसऱ्याच्या खोलीत ठेवून वासाची ओळख आधी करून द्यावी, भेट नंतर घडवावी.

खिडकी, कूलर आणि मांजा

‘मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवर उतरते’ या समजुतीने अनेक गॅलऱ्या उघड्या राहतात. न्यू यॉर्कमधील एका प्राणी रुग्णालयाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच महिन्यांत उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद होती. त्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. परंतु ती उपचारासाठी आणली गेलेली मांजरे होती आणि अनेकांच्या छातीला, जबड्याला, पायांना गंभीर इजा झालेली होती. जागीच गतप्राण झालेली मांजरे अशा मोजणीत येतही नाहीत. इंदूरमध्ये बहुमजली सदनिका वाढत असताना हा मुद्दा गौण मानता येणार नाही. डासांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. खिडकीला व गॅलरीला स्टीलची, चौकटीत पक्की बसविलेली जाळी हवी.

उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. कूलरची टाकी पाण्याने भरलेली असते, बाजूच्या झडपा सैल असतात आणि मागे विजेची तार लोंबत असते. झडपा पक्क्या बसवाव्यात, तारा नळीतून न्याव्यात, पाण्याने भरलेल्या बादल्या झाकाव्यात. कपडे धुण्याचे यंत्र सुरू करण्यापूर्वी आणि गाडी चालू करण्यापूर्वी आत किंवा खाली पिल्लू नाही ना, हे पाहण्याची सवय घरातील प्रत्येकाने लावून घ्यावी. उबदार व अंधारी जागा पिल्लाला नेहमीच खुणावते.

दोऱ्याचे प्रकरण याहूनही फसवे असते. मकर संक्रांतीला आकाश पतंगांनी भरते आणि पुढे कित्येक दिवस गच्च्यांवर, झाडांवर मांजा अडकलेला असतो. मांजराच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली अडकून उरलेला दोरा आतड्यात गेला, तर आतडे चुणीदार कापडासारखे गोळा होते आणि चिरले जाते. गजऱ्याचा दोरा, सुईतला धागा, राखी, रबरबँड यांचाही हाच धोका. तोंडातून वा गुदद्वारातून दोरा दिसला तरी तो ओढू नये. थेट पशुवैद्यकाकडे जावे. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा रंगपंचमीच्या गेरच्या गदारोळात नवे पिल्लू घरी आणण्याचे टाळावे. सण सरल्यावर आणलेले बरे.

ताटातला प्रश्न

इंदूरमध्ये शाकाहारी घरे पुष्कळ आहेत आणि अशा घरांत मांजराला दूध-पोळी घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. येथे प्रामाणिक निर्णय घ्यावा लागतो. मांजर हा अनिवार्यतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य ते स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करू शकत नाही आणि ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. टॉरिनच्या अभावाने मांजराच्या डोळ्यांचा पडदा क्षीण होतो, हे १९७५मध्ये, तर हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगते, हे १९८७मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतरच जगभर तयार मांजर-खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले. पूर्वीची घरमांजरे दूध-पोळीवर जगत होती असे दिसते, कारण ती उंदीर, पाली व पाखरे स्वतः मारून खात होती. बंद सदनिकेतील पिल्लाला ती सोय नाही.

म्हणून घरात मांस शिजवणे मान्य नसेल, तर पिल्लांसाठीचे तयार खाद्य आणण्यास सर्वांची संमती आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. त्या खाद्यातही प्राणिज घटक असतात. तेही मान्य नसेल, तर मांजर न पाळणे हा निर्णय अधिक अहिंसक ठरतो. आई सुटल्यानंतर बहुतेक मांजरांना गाईचे दूध नीट पचत नाही व जुलाब होतात. लहान पिल्लाला जुलाबातून होणारी पाण्याची तूट काही तासांत गंभीर रूप धारण करते. कांदा व लसूण, कच्चे असोत वा आमटीतले, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. म्हणून ताटातले उरलेसुरले घालू नये. आठ ते बारा आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे अन्न द्यावे आणि ताजे पाणी अन्नापासून जरा दूर ठेवावे. पिल्लाने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

लस, आणि घरातला अदृश्य शत्रू

पिल्लू आणण्यापूर्वीच जवळचा पशुवैद्यक कोण, तो मांजरे पाहतो का आणि रात्री कोठे जायचे, हे ठरवून ठेवावे. इंदूरजवळील महू येथे १९५५पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही परिसरासाठी मोठी जमेची बाजू होय. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात मांजरांची तिहेरी लस सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे आरंभीच्या लसीला निष्प्रभ करू शकतात, म्हणून ही पुनरावृत्ती. बाराव्या आठवड्याच्या सुमारास रेबीजची लस, त्याआधीपासून नियमित जंतनाशक आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी, असा क्रम साधारणतः असतो. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, हे अनेकांना उशिरा कळते.

तिहेरी लस ज्या रोगांपासून रक्षण करते, त्यांत पॅनल्युकोपेनिया सर्वांत भयंकर. लस न घेतलेली पिल्ले त्यात मोठ्या प्रमाणावर दगावतात. त्याचा विषाणू घरातील फटींत, गाद्यांत, भांड्यांवर वर्षभरही तग धरू शकतो आणि अल्कोहोल किंवा नेहमीच्या सुवासिक द्रावणांना दाद देत नाही. एका भाग ब्लीचला ३२ भाग पाणी असे द्रावण दहा मिनिटे राहू दिले तर तो नष्ट होतो. फिनेलचा वास दरवळणारे घर या विषाणूपासून मुक्त असतेच असे नाही. ज्या घरात अलीकडे एखादे पिल्लू उलट्या-जुलाबांनी दगावले असेल, तेथे कापडी व लाकडी सामान काढून टाकावे आणि नवे पिल्लू लसीकरण पूर्ण झालेलेच आणावे. दुःख विसरण्यासाठी लगोलग दुसरे पिल्लू आणणे, ही अशा वेळी सर्वांत महाग पडणारी चूक होय.

विष्ठा दररोज काढावी. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची बीजे विष्ठेबरोबर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस घेतात. म्हणून रोजची सफाई हाच उत्तम बचाव आहे. घरात गर्भवती स्त्री असेल, तर हे काम दुसऱ्याने करावे. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. वापरलेली माती पिशवीत बांधून वेगळी द्यावी. इंदूरचा ओला कचरा जैव-सीएनजी प्रकल्पात जातो. माती त्यात कुजत नाही, ती ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये.

गोव्याच्या घरांसाठी

इंदूरच्या फरशीविषयी जे खरे, ते गोव्यातील लाल कोब्याच्या फरशीविषयीही खरे आहे. फिनेलची बादली दोन्हीकडे सारखीच असते. फरक पडतो तो हवामानाचा. येथे पावसाळ्याचे चार महिने फरशी लवकर वाळत नाही, म्हणजे द्रावण पिल्लाच्या पंजांना अधिक काळ लागत राहते. तेव्हा साध्या पाण्याने पुन्हा पुसणे व पंख्याखाली वाळवणे येथे अधिकच आवश्यक. विहिरीला कठड्यावर जाळी हवी, अंगणातील कण्हेर पिल्लाच्या आवाक्याबाहेर हवी आणि कोरडे खाद्य बुरशी धरू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. रेबीज आटोक्यात आणण्यासाठी गोव्यात गेल्या दशकात व्यापक लसीकरण झाले, पण त्याचा मुख्य भर कुत्र्यांवर होता. घरच्या मांजराची लस ही घराचीच जबाबदारी. पिल्लाने ओरखडले किंवा चावले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या साऱ्या तयारीला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो आठवडाभराचा अवधी आणि घरातील सर्वांचे एकमत. पिल्लू आणण्याचा दिवस ठरण्याआधी फिनेलची बाटली हलवावी, औषधे बंद कपाटात जावीत, जाळी बसावी, पशुवैद्यकाचा क्रमांक भिंतीवर लागावा. गादी आणि चेंडू मागाहून आणले तरी चालतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपलेल्या पिल्लाला त्यांची उणीव भासत नाही.